साडेतीन मिनिटांचें गाणें

भूतकाळाचा शोध घेणाऱ्याला कागदपत्रें मिळतात, नाणीं मिळतात, वाड्यांचे पाये आणि देवळांचीं शिखरें मिळतात. परंतु त्या काळचा आवाज त्याच्या हातीं लागत नाहीं. तानसेनाच्या गाण्यानें दिवे लागत अशी आख्यायिका आहे. त्याच्या कंठांतील एक स्वर मात्र कोणाला राखून ठेवतां आला नाहीं. होनाजीची लावणी बाळानें कोणत्या ढंगानें गाइली, रामजोशाच्या डफावर थाप कशी पडली, हें आतां कल्पनेनेंच जाणावयाचें. पेशवाईचा हिशेब दप्तरांत सांपडतो, पेशवाईचा नाद सांपडत नाहीं. ही स्थिति विसाव्या शतकाच्या आरंभीं पालटली. लाखेच्या एका काळ्या तबकडीनें गेलेला सूर परत ऐकविण्याची किमया केली, आणि तेव्हांपासून ‘जुनें गाणें’ या शब्दांना एक नवाच अर्थ आला.

जुन्या गाण्यांची आठवण निघते तेव्हां आठवणाऱ्याच्या मनांत बहुधा केवळ गाणें नसतें. सूर उमटण्यापूर्वींची सुईची खरखर, चावी देण्याचा मान असलेले घरांतील वडीलधारे, दाराशीं येऊन उभी राहिलेली शेजारीण, स्वयंपाकघरांतून येणारा फोडणीचा वास, असा सारा संसार त्या सुरांच्या पाठीमागें उभा असतो. ही आठवण गोड आहे यांत शंका नाहीं. पण तिचा इतिहास पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, या यंत्रानें मराठी घराला पुष्कळ दिलें आणि कांहीं नेलेंहि. हा जमाखर्च मांडल्यावांचून त्या काळाची खरी ओळख पटावयाची नाहीं.

यंत्र येण्यापूर्वीं गाणें ऐकावयाचें तर माणसाला गाण्यापाशीं जावें लागे. देवळांत कीर्तन होई, फडावर लावणी रंगे, सरदार-सावकारांच्या वाड्यांत गवयांची बैठक भरे. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० मध्यें आणि ‘सौभद्र’ १८८२ मध्यें रंगभूमीवर आलें, आणि पुढें कित्येक वर्षें संगीत नाटक हीच शहरांतील मध्यमवर्गाची गायनशाळा होऊन बसली. रात्रीं सुरू झालेला खेळ पहांटेपर्यंत चाले. एखाद्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला कीं तें पुन्हां गाइलें जाई. परंतु दुसऱ्या वेळचें पद पहिल्यासारखेंच होई असें नाहीं. गायकाच्या लहरीप्रमाणें त्यांत नव्या जागा, नव्या ताना निघत. प्रेक्षक घरीं परते तो त्या रात्रीचें गाणें स्मरणांत सांठवून. दुसऱ्या दिवशीं कोणी पेटीवर ती चाल शोधूं लागे, कोणी पदांचें छोटेंसें पुस्तक उघडून बसे. गाणें आठवण्यासाठीं तें स्वतः गुणगुणावें लागे, दुसरा उपाय नव्हता.

पण हा लाभ सर्वांना सारखा मिळत नसे. घरंदाज स्त्रीनें बैठकीच्या गाण्याला जाणें अशिष्ट समजलें जाई, आणि नाटकाला जावयाचें तर घरांतील कर्त्या पुरुषाची मर्जी आणि सोबत हीं दोन्ही हवींत. तिचें गाणें निराळें होतें. तें घरांतच जन्मे आणि घरांतच विरे. पहांटे जात्यावर ओवी, दुपारीं पाळण्यापाशीं अंगाई, श्रावणांत मंगळागौरीचीं गाणीं, आश्विनांत भोंडल्याचा फेर. या गाण्याला निराळा श्रोता नव्हता, गाणारी हीच ऐकणारी होती. दिवाणखान्यांतील संगीत आणि माजघरांतील गाणें यांच्यामध्यें अशी एक भिंत उभी होती, आणि पुढें यंत्रानें जिला खिंड पाडली ती हीच भिंत.

एडिसननें आपला फोनोग्राफ १८७७ मध्यें सिद्ध केला. त्यांत आवाज एका नळकांड्यावर कोरला जाई. एमिल बर्लिनर यानें १८८७ मध्यें ग्रामोफोनचें पेटंट घेतलें आणि लवकरच नळकांड्याच्या जागीं सपाट तबकडी आणली. तबकडीचा विशेष असा कीं, तिच्यावरून धातूचा ठसा घेऊन हव्या तितक्या प्रती दाबून काढतां येत. मुद्रणकलेनें ग्रंथाला जें दिलें तें या ठशानें गाण्याला दिलें. ‘ध्वनिमुद्रिका’ हा मराठी शब्द या दृष्टीनें अगदीं समर्पक आहे.

लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनें फ्रेड गैस्बर्ग या तंत्रज्ञाला पूर्वेच्या दौऱ्यावर पाठविलें आणि नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहरजान या प्रख्यात गायिकेचा आवाज त्यानें मुद्रित केला. मेणावर कोरलेलें तें गाणें जहाजानें जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं गेलें, आणि तेथें तयार झालेल्या तबकड्या पुढच्या वर्षीं हिंदुस्थानांत आल्या. गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव इंग्रजींत उच्चारी. ती ऐट नव्हती. ज्यांना हिंदी भाषेचें अक्षरहि ठाऊक नाहीं अशा हॅनोव्हरच्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाची चिठ्ठी डकवावी हें त्यावरून कळे. हा खटाटोप १९०८ मध्यें कमी झाला. कलकत्त्यांतच सियालदह येथें तबकड्यांचा कारखाना निघाला.

या परदेशी नवलाईंतील एक मुख्य पदार्थ मात्र हिंदुस्थानचाच होता. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर वाढतो. छोटा नागपूरच्या रानांतील लाख युरोपांत जाई, दगडाची भुकटी आणि काजळी तींत मिसळून तिची तबकडी बने, आणि हिंदी गायकाचा आवाज अंगावर घेऊन ती परत येऊन येथील दुकानांत विकली जाई. कापूस पाठवून कापड विकत घेणाऱ्या देशाला असला व्यवहार अपरिचित नव्हता.

आरंभीचें ध्वनिमुद्रण हें गायकाला एक दिव्यच वाटे. मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहून खड्या आवाजांत गावें लागे. हळुवार स्वर मेणावर उमटत नसे आणि फार जोराची तान सुईला झेपत नसे. त्याहून कठीण अट काळाची होती. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, आणि दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. एक राग तास-दीड तास मांडणाऱ्या गवयाला ही अट म्हणजे अगस्तीनें समुद्र एका आचमनांत प्यावा तशी होती. आलाप आटोपता घ्यावयाचा, बोलतान आंखडावयाची, आणि सम गांठीपर्यंत समोरचा साहेब हातानें ‘पुरें’ म्हणून खुणावणार!

सर्वच कलावंतांना हें मानवलें नाहीं. जयपूर घराण्याचे अध्वर्यु अल्लादियाखां १८५५ पासून १९४६ पर्यंत जगले. तबकडीचें युग त्यांच्या डोळ्यांदेखत आलें आणि भरभराटलें. तरी त्यांचा आवाज एकाहि तबकडीवर नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ मध्यें निवर्तले. त्यांचेंहि गाणें मुद्रित झालें नाहीं. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली १९१६ मध्यें याच भास्करबुवांनीं दिल्या, आणि त्या चाली बालगंधर्वांच्या कंठांतून घरोघर पोंचल्या. गुरूनें घातलेली चाल आहे, शिष्याचा आवाज आहे, पण गुरूचा आवाज नाहीं. मराठी संगीताच्या स्मृतींतील ही पोकळी तबकडीच्या काळीं जन्मलेल्या श्रोत्याच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. कारण जें ऐकूं येतें तेंच त्या काळचें सारें गाणें, अशी त्याची समजूत होऊन बसते.

नाट्यपद मात्र या नव्या अटींत चपखल बसलें. त्याला शब्द होते, मुखडा होता, आणि रागाचा विस्तार मर्यादेंत ठेवण्याची त्याला आधींच संवय होती. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका मराठी घरांत देवघरांतील पोथीच्या इतमामानें जपल्या गेल्या. तरी रंगभूमीवरील बालगंधर्व आणि तबकडीवरील बालगंधर्व यांत अंतर होतेंच. गंधर्व नाटक मंडळींत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष साथीला असत. ऑर्गनच्या भरदार सुरावर पद चढे, आणि रसिकांचा आग्रह संपेपर्यंत तें संपत नसे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, असे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक त्या रात्रीं एका रंगमंचावर गाइले. पुढें तीन महिने होतात न होतात तोंच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव गेले. नाट्यगृहांतील चालतें गाणें टिपून घेण्याचें साधन त्या वेळीं नव्हतें. ज्यांनीं तें ऐकलें त्यांच्याबरोबर तें गाणेंहि गेलें. उरली ती नुसती कीर्ति.

आतां हें यंत्र घरांत कसें नांदलें तें पाहणें मनोरंजक आहे. प्रथम तें श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत, मोठ्या पितळी कर्ण्याच्या थाटांत आलें. पुढें कर्णा पेटीच्या पोटांत दडला, आणि शेवटीं हातांत धरून नेण्याजोगी सुटसुटीत पेटी निघाल्यावर तें चाळींतील बिऱ्हाडांपर्यंत पोंचलें. पेटीवरील चित्रांत एक कुत्रा कर्ण्यांत डोकावून आपल्या धन्याचा आवाज ऐकत बसलेला असे. फ्रॅन्सिस बॅरो या चित्रकाराचें तें चित्र मराठी मुलांच्या इतकें परिचयाचें झालें कीं, कंपनीचें लांबलचक नांव घेण्याऐवजीं ‘कुत्रा छाप’ म्हटलें कीं काम भागे.

गाणें लावणें हा एक विधि होता. पेटीची चावी बेतानें पिळावयाची. कमी पिळली तर गाणें अर्ध्यांत मंदावे आणि गायकाचा गळा बसल्यासारखा सूर ओघळूं लागे, फाजील पिळली तर कमान तुटण्याची भीति. पोलादी सुई एका गाण्यापुरती; दुसऱ्या गाण्याला नवी सुई लावावी असा दंडक. काटकसरी घरांत हा दंडक पाळला जात नसे, आणि त्याचें प्रायश्चित्त तबकडीच्या खांचांना भोगावें लागे. सुयांची रिकामी झालेली पत्र्याची चिमुकली डबी मुलांच्या खजिन्यांत जमा होई. तबकडी हातांतून सुटली कीं तिचे तुकडे व्हावयाचे. त्यामुळें ती कागदी वेष्टनांतून काढण्याचा अधिकार घरांत एकदोघांनाच असे. चरा पडलेल्या तबकडीवर सुई एकाच फेऱ्यांत घोटाळे आणि तोच शब्द पुन्हां पुन्हां उमटे. एकच गोष्ट उगाळीत बसणाऱ्या माणसाला ‘याची पिन अडकली’ असें अजूनहि म्हणतात. यंत्र अडगळींत गेलें, म्हण तेवढी जिभेवर राहिली.

एका बिऱ्हाडांतील पेटी साऱ्या मजल्याची असे. सायंकाळीं कोणी तबकडी लावली कीं गॅलरींत हळूहळू माणसें जमत. बायका दाराआडून ऐकत, मुलें पेटीच्या जाळींतून आंत माणूस दिसतो का म्हणून वाकून पाहत. लग्नामुंजीच्या घरीं पेटी मागून आणीत. इराण्याच्या हॉटेलांत एका पेल्या चहावर तासभर गाणें ऐकणारें गिऱ्हाईक मालकाच्या कपाळाला आंठ्या आणी. ज्याला बैठकीचें आमंत्रण कधीं येणार नाहीं असा कारकून, गिरणी कामगार, शाळामास्तर नामांकित गवयाचा सूर ऐकूं लागला. गाण्याचा हा मोठाच लोकविस्तार होता, आणि तो विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट माजघरांत घडली. जिला बैठकीला जातां येत नव्हतें तिच्यापाशीं बैठकीचें गाणें चालून आलें. आणखी नवल असें कीं, आरंभीच्या काळीं यंत्रापुढें धिटाईनें गाणाऱ्या पुष्कळशा स्त्रिया कलावंतिणींच्या वर्गांतील होत्या. ज्या घराच्या उंबऱ्याच्या आंत त्यांना प्रवेश नव्हता, त्या घरांत त्यांचा आवाज सन्मानानें शिरला, आणि सोंवळ्यांतील सासूबाईहि स्वयंपाक करतां करतां तो ऐकूं लागल्या. मान्यता आधीं आवाजाला मिळाली, व्यक्तीला नंतर. हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनीं तिकिटें लावून जाहीर मैफली करण्याचें धाडस केलें, तेव्हां शालीन वेषांत, कोणतेहि हावभाव न करतां केवळ स्वरावर सभा जिंकणारी स्त्री समाजानें प्रथमच पाहिली. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांनीं ही गोष्ट गांवोगांव नेली. मुलींना गाणें शिकविणें कुलशीलाला बाधक नाहीं असें जें मध्यमवर्गाला हळूहळू पटलें, त्यांत विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ मध्यें लाहोरला आणि १९०८ मध्यें मुंबईंत काढलेल्या गांधर्व महाविद्यालयाचा वाटा मोठा आहेच. पण या घरबसल्या शिक्षिकेचा वाटाहि लहान नाहीं. तबकडीला कितीहि वेळां विचारा, ती कंटाळत नसे आणि फी मागत नसे.

१९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण आलें आणि कर्ण्याची जागा मायक्रोफोननें घेतली. तंत्रांतील या एका बदलानें गाण्याचा स्वभावच बदलला. आतां ओरडण्याचें कारण उरलें नाहीं. कुजबुज, उसासा, शब्दाच्या शेवटची थरथर, सारें टिपलें जाऊं लागलें. याच सुमारास मराठी कविताहि गाण्याकडे झुकत होती. १९२३ मध्यें पुण्यांत स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनीं आपल्या कविता सभांतून गाऊन दाखविल्या आणि कविता ही कानानें ऐकण्याची वस्तु आहे असा पायंडा पाडला. हे दोन प्रवाह जेथें मिळाले तेथें भावगीत जन्मास आलें. जे. एल. रानडे, जोत्स्नाबाई भोळे, गजाननराव वाटवे अशा गायकांनीं तें लोकांच्या ओठीं बसविलें. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत केशवराव भोळ्यांनीं मोजकींच आणि भावानुकूल पदें ठेवलीं, हा त्याच रुचिपालटाचा पुरावा.

भावगीताकडे नीट पाहिलें तर त्याची बांधणी तबकडीच्या मापानें झाल्याचें दिसतें. एक ध्रुवपद, दोन किंवा तीन कडवीं, मधले वाद्यांचे तुकडे, आणि साडेतीन मिनिटांत समाप्ति. दरबारी गायकीला जी अट जाचक होती, ती या गाण्याची जन्मपत्रिकाच ठरली. त्याचा विषयहि घरगुती होता: अंगण, सांजवात, वाट पाहणारें मन, न बोललेलें प्रेम. तें हजारोंच्या सभेसाठीं नव्हतें. चार भिंतींच्या आंत, एकट्यानें ऐकण्यासाठीं होतें. मराठी सुशिक्षित कुटुंबाला आपल्या मनांतील नाजूक गोष्ट बोलावयास त्यानें शब्द आणि सूर दिले.

रंगभूमीचे दिवस मात्र फिरले होते. १९३२ मध्यें प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट निघाला. त्याचें संगीत गोविंदराव टेंब्यांचें होतें, ज्यांनीं १९११ मध्यें ‘मानापमान’ नाटकाला चाली दिल्या होत्या. ज्यांनीं स्त्रीभूमिकेंत अवघा महाराष्ट्र मोहित केला, त्या बालगंधर्वांनींहि १९३५ मध्यें ‘धर्मात्मा’ चित्रपटांत पुरुषवेषांत एकनाथांची भूमिका केली. नाटकांतील पदांची जागा तबकडीवर बोलपटांतील गाण्यांनीं घेतली.

दुसरें यंत्रहि तोंवर दिवाणखान्यांत येऊन बसलें होतें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस नभोवाणी केंद्र सुरू झालें, ८ जून १९३६ रोजीं या व्यवस्थेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें, १९४८ मध्यें नागपूरला आणि १९५३ मध्यें पुण्याला केंद्रें निघालीं. तबकडी घरच्या माणसांच्या वेळापत्रकाप्रमाणें वाजे. रेडिओनें घराला आपलें वेळापत्रक लावून दिलें. सकाळची बातमी संपली कीं कचेरीची घाई, आणि रात्रींचें गायन लागलें कीं जेवणें आटोपलेलीं असावयाचीं. त्याची मर्जीहि चमत्कारिक होती. ज्या हार्मोनियमवर मराठी घरांतील निम्मी मुलें गाणें शिकलीं, तिला १९४० मध्यें नभोवाणीनें बंदी केली, आणि ती उठावयास १९७१ साल उजाडावें लागलें. तरी या यंत्राचें खरें सामर्थ्य मराठी घरांनीं १ एप्रिल १९५५ या रामनवमीपासून अनुभवलें. त्या दिवसापासून वर्षभर पुणें केंद्रावरून ग. दि. माडगूळकरांचीं आणि सुधीर फडक्यांनीं स्वरबद्ध केलेलीं ‘गीतरामायणा’चीं ५६ गीतें प्रक्षेपित झालीं. कित्येक घरीं त्या वेळीं रेडिओपुढें उदबत्ती लावीत आणि त्याला हार घालीत. कीर्तनासाठीं देवळांत जाणारा श्रोता आतां घरच्या घरीं, पण तितक्याच भाविकपणें, यंत्रापुढें हात जोडून बसला होता.

येथवर झाला तो जमेचा भाग. खर्चाचा भाग लिहिणें तितकें सोपें नाहीं, कारण जें गेलें त्याचा आवाज झाला नाहीं.

तबकडी घरांत आली त्याच दशकांत शहरांतून जातें बाहेर पडलें. पिठाची गिरणी आली आणि पहांटेचें दळण थांबलें. स्त्रीच्या दृष्टीनें ही मोठीच सुटका होती. कोंबडा आरवण्यापूर्वीं उठून, हाताला घट्टे पडेपर्यंत दळणाऱ्या त्या बायकांच्या कष्टांचे गोडवे गाण्याचा अधिकार कधीं न दळणाऱ्याला नाहीं. पण जात्याबरोबर ओवीहि थांबली. ओवी हें केवळ श्रमाचें गाणें नव्हतें. माहेरची आठवण, सासरचा जाच, भावाची वाट, विठ्ठलाशीं भांडण, जें दिवसभर कोणापाशीं बोलतां येत नसे तें सारें ती पहांटेच्या अंधारांत दगडाला सांगे. गिरणीनें ओवीचें निमित्त नेलें, आणि ग्रामोफोननें तिची उणीव भासूं दिली नाहीं. घर गाण्यानें भरलेलें होतें, म्हणून घरांतील गाणें बंद पडलें हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. गाणारी बाई ऐकणारी झाली.

कांहीं जणांनीं हें वेळींच ओळखलें. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’ या संग्रहांत बायकांच्या ओव्या गोळा केल्या. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत आणि जात्यापाशीं त्यांच्या तोंडून निघालेलीं गाणीं चिरंजीव सोपानदेव यांच्यामुळें कागदावर उतरलीं आणि १९५२ मध्यें पुस्तकरूपानें निघालीं. त्या गाण्यांचे शब्द वांचले. बहिणाबाईंच्या आवाजांत तीं कशीं वाटत असतील तें मात्र होनाजी-बाळाच्या लावणीइतकेंच अज्ञात राहिलें. १९६१ मध्यें ‘मानिनी’ चित्रपटांत बहिणाबाईंचीं गाणीं घेतलीं गेलीं, आणि जात्यावरून उठलेलें गाणें तबकडीच्या वाटेनें पुन्हां घरांत आलें. पण आतां तें दुसऱ्याच्या गळ्यांतून, वाद्यमेळासह, ऐकण्याची वस्तु होऊन आलें. पुढें हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनीं खेडोपाडीं फिरून एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या. एवढें पीक शिल्लक होतें, यावरून शहरांत किती करपून गेलें असेल याचा अंदाज करावा.

याच इतिहासाची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर या अल्लादियाखांच्या शिष्या. ज्या गुरूनें आपला आवाज तबकडीला दिला नाहीं, त्याच्या शिष्येनें गाइलेली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्यें ‘व्हॉयेजर’ यानांवर बसविलेल्या सोनेरी तबकडीवर निवडली गेली, आणि त्याच वर्षीं केसरबाई निवर्तल्या. तें यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर जाऊन पोंचलें आहे. तबकडी नसती तर हा सूर त्या मैफलीबरोबरच संपला असता. यंत्रानें काय वांचविलें याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणार नाहीं.

म्हणून जुन्या गाण्यांच्या आठवणींत रमणाऱ्याला दोष देण्याचें कारण नाहीं. संग्राहकांनीं माळ्यावरच्या आणि जुन्या बाजारांतल्या तबकड्या धुऊन-पुसून जपल्या, त्यांच्या नव्या प्रती केल्या, आणि शंभर वर्षांपूर्वींचा आवाज नातवंडांच्या कानीं घातला, हें त्यांचें ऋण मोठें आहे. मात्र त्या खरखरींतून जो सूर येतो तो त्या काळाचा एक कवडसा आहे, सारा उजेड नव्हे. बैठकींत तास-तास रंगलेला राग, ‘वन्स मोअर’नंतरची अनपेक्षित तान, आणि अंधारांत दळणाऱ्या बाईची ओवी, हें तबकडीच्या मापांत बसलें नाहीं एवढ्याच कारणानें कमी मोलाचें ठरत नाहीं.

अजून अशीं घरें आहेत जेथें एखाद्या आजीला पाळण्याचें गाणें, भोंडल्याचा फेर, जात्यावरच्या चारदोन ओव्या येतात. आणि तिला कोणी विचारीत नाहीं म्हणून ती म्हणत नाहीं. आवाज टिपून घेण्याचें यंत्र आतां प्रत्येकाच्या खिशांत आहे. त्याला चावी द्यावी लागत नाहीं, सुई बदलावी लागत नाहीं, आणि साडेतीन मिनिटांची अटहि नाहीं. अट एकच उरली आहे: घरांत कोणी तरी गात असलें पाहिजे.